घरातलं माणूस गेल्यानंतरचं पहिलं वर्ष : मागे राहिलेल्यांसाठी नेमकं काय लिहावं?

ताम्हण

मंडळी, कोथरूडमधल्या ज्येष्ठ नागरिक संघासाठी सोळा पानांची पुस्तिका तयार करतोय. कागदपत्रांचा भाग झालाय. रुग्णालयात मृत्यू झाला तर मृत्यूच्या कारणाचं वैद्यकीय प्रमाणपत्र म्हणजे नमुना ४, घरी झाला तर डॉक्टरांकडून नमुना ४अ, २१ दिवसांच्या आत नोंदणी, दाखल्याच्या आठ-दहा प्रती, बँकेत वारसाचा अर्ज. ते सगळं सांगता येतं. अडलंय ते माणसांपाशी.

एकाच सोसायटीत, साधारण एकाच वयाच्या दोन बायका. दोघींचे नवरे एकाच वर्षी गेलेले. दोन वर्षांनी एक जण स्वतः बँकेत जाते, संघाच्या सहलीचा हिशेब ठेवते. दुसरी जिन्याखाली उतरत नाही. स्वभाव वेगळे असतात हे मान्य, पण सगळं स्वभावावर ढकलून पुस्तिका लिहिता येणार नाही. हा फरक कशाने पडतो आणि पहिल्या वर्षात घरच्यांच्या हातात काय असतं?

शिवाय तीन गोष्टी. घरात लहान मुलं असतील तर त्यांना काय सांगायचं? मुलं परदेशात असलेल्यांचं काय? (आमच्या निम्म्या सभासदांची आहेत. तीही ताटातूटच.) आणि प्रस्तावनेत आनंदीबाई जोशी, रमाबाई रानडे यांची उदाहरणं द्यावीत असं समितीत ठरतंय, ते योग्य वाटतं का?

धीराची वाक्यं नकोत, ती आमच्याकडे पुष्कळ आहेत. काय करायचं, कधी करायचं आणि कुठे बिघडतं, ते हवंय.

रानजाई

दोन बायकांमधला फरक बघायचा तर त्यांच्या नवऱ्यांची कामं कुणाकडे गेली ते आधी बघा. माणूस जातं, पण त्याची कामं मागे राहतात आणि पंधरा दिवसांत ती कुणाच्या तरी हातात जातात. ज्याच्या हातात गेली तो बदलतो. ज्याला हातच लावू दिला नाही तोही बदलतो.

नेहमी होतं ते असं. तेराव्यानंतर मुलगा प्रेमापोटी म्हणतो, "आई, तू काही बघू नकोस, मी आहे." पासबुक, एटीएम कार्ड, फोन, गॅसचं बुकिंग, वीजबिल, सोसायटीचा मेंटेनन्स, सगळं त्याच्याकडे. सहा महिन्यांनी आईला दूधवाल्याचे पैसे द्यायलाही त्याची वाट बघावी लागते. आता तिला बाहेर पडायला कारणच उरत नाही. मग घरचे म्हणतात, बाबा गेल्यापासून आई खचली. ती खचली असेलही, पण तिला रिकामं बसवलंय ते तुम्ही.

पुस्तिकेत हे सांगा : तेरावं झालं की नातेवाईक पांगायच्या आत एक शंभर पानी वही घ्यायची. गेलेलं माणूस जे जे करत होतं ते लिहायचं. इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालणं, ठेवीची मुदत बघणं, पंपावर गाडीत हवा भरणं, गावच्या काकूंना दर रविवारी फोन करणं, गणपतीची मूर्ती सांगून ठेवणं. चाळीस-पन्नास कामं सहज निघतात. पुढे दोन रकाने : आता कोण करणार आणि त्याला कोण शिकवणार. मागे राहिलेल्या जोडीदाराकडे यातली निदान एक तृतीयांश कामं यायला हवीत आणि त्यात पैशाचं एखादं तरी हवंच. पहिले तीन महिने मुलाने शेजारी बसायचं, पण बटण आईने दाबायचं. वेळ लागतो, चुका होतात, होऊ द्याव्यात. सुरुवातीला यूपीआयसाठी वेगळं खातं उघडून त्यात दोन-तीन हजारच ठेवले की भीती कमी होते.

बँकेत तिला घेऊन जा. नॉमिनी असेल आणि कागद पूर्ण असतील तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १५ दिवसांत दावा निकाली निघायला हवा. दोघांपैकी कोणीही किंवा हयात व्यक्ती अशा पद्धतीचं संयुक्त खातं असेल तर काम आणखी सोपं. मात्र गेलेल्या माणसाच्या एकट्याच्या खात्यातून त्याचं एटीएम कार्ड वापरून पैसे काढू नका. पुढे वारसांमध्ये वाद झाला तर तेच अंगाशी येतं.

बायको गेली आणि नवरा मागे राहिला तर वही वेगळी निघते. पगाराचा आणि निवृत्तिवेतनाचा हिशेब त्याला येत असतो, पण कामवाल्या मावशींच्या सुट्ट्या, नातवंडांचे वाढदिवस, कुणाकडे काय आहेर द्यायचा आणि मुख्य म्हणजे जेवण हे त्याच्या हातात कधी नसतंच. डबा लावला की संपलं असं समजू नका. डब्यामुळे स्वयंपाकघर बंद होतं आणि घराला वास राहत नाही. निदान संध्याकाळचं एक जेवण त्याने करावं. घरातला पाच लिटरचा कुकर एकट्याला जड पडतो, दोन लिटरचा घ्या. अर्धी वाटी तांदूळ, पाव वाटी मूगडाळ, तीन वाट्या पाणी, मीठ, हळद, चमचाभर तूप, मध्यम आचेवर तीन शिट्ट्या. एका माणसाची मऊ खिचडी होते आणि उरत नाही. उरणं हा एकट्या माणसाच्या स्वयंपाकातला मोठा त्रास. तीन दिवस तेच खाल्लं की चौथ्या दिवशी तो नुसत्या चहा-बिस्किटावर राहतो.

पिंपळपार

रानजाईंशी सहमत. त्यात दहाव्या दिवसाबद्दल भर घालतो, कारण तिथे माणसं आयुष्यभरासाठी बांधली जातात आणि याकडे कुणाचं लक्ष नसतं.

पुण्यात ओंकारेश्वराजवळ घाटावर पिंड ठेवून सगळे लांब उभे राहतात. कावळा लवकर शिवला नाही की कुजबुज सुरू होते : कशात जीव अडकला असेल? मग एकेक जण पुढे होऊन हात जोडून सांगतो. "काकूंना अंतर देणार नाही." "धाकट्याचं शिक्षण पूर्ण करू." आपल्या माणसाच्या मनात काय राहिलं असेल याचा घरच्यांनी चारचौघांत, मोठ्याने विचार करावा अशी ही एकच जागा आपल्याकडे आहे. मला तिचं मोल फार वाटतं.

बिघडतं ते वचनाच्या शब्दांत. उन्हात तासभर उभं राहिल्यावर, डोळ्यांत पाणी असताना कुणीतरी बोलून जातं : "हे घर आम्ही कधीच विकणार नाही", "धाकट्याला डॉक्टर करू". धाकटा तेव्हा बारा वर्षांचा असतो आणि तिथेच उभा असतो. पुढे त्याला चित्रकलेकडे जायचं असलं तरी बाबांच्या पिंडासमोर ठरलेलं कोण मोडणार? घराचंही तसंच. वाडा पडायला आला, लिफ्ट नाही, आईचे गुडघे गेलेत, तरी विषय निघत नाही.

म्हणून आदल्या रात्री घरच्यांनी दहा मिनिटं बसून ठरवावं की उद्या वेळ आली तर काय सांगायचं. माणसाला सांभाळण्याचं वचन द्यावं, वस्तूचं आणि दुसऱ्याच्या आयुष्याचं देऊ नये. "आईला एकटं पाडणार नाही" हे पाळता येतं. लहान मुलाच्या वतीने कुणीही काहीही कबूल करू नये. आणि कावळा आलाच नाही तर दर्भाचा कावळा करून शिवतात, ती सोय परंपरेतच आहे. त्यावरून मनाला लावून घेण्याचं कारण नाही, हे गुरुजींनी आधीच सांगितलं तर घरच्यांचा ताण बराच उतरतो. तशी विनंती त्यांना करता येते.

दुसरं, कुंकू आणि बांगड्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनीही तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. पुण्यात या गोष्टी उघडपणे होत नाहीत असं आपण समजतो. प्रत्यक्षात हळदीकुंकवाचं बोलावणं गुपचूप थांबतं, नातवाच्या मुंजीत आजीला मागच्या रांगेत बसवलं जातं. आपण कोण आहोत हे माणसाला कळतं ते अशा बोलावण्यांतून. वर्षभरातल्या पहिल्या मंगलकार्यात तिला ठरवून पुढे बसवा, औक्षण करायला सांगा. संघानेच ही रीत पाडली तर फार बरं होईल.

चिंचबन

मुलांबद्दल लिहिते.

मराठी घरांत "आजोबा देवाघरी गेले" असं सांगायची पद्धत आहे. चार वर्षांच्या मुलाला देवघर माहीत असतं, ते स्वयंपाकघराशेजारी असतं. ते तिथे जाऊन बघतं. आजोबा नसतात. मग कुणी म्हणतं "झोपलेत", की त्या रात्रीपासून मूल झोपायला घाबरतं. "गावाला गेलेत" म्हटलं तर न सांगता गेले याचा राग येतो आणि आई ऑफिसला निघाली की रडारड होते.

सरळ सांगावं : "आजोबा मरण पावले. त्यांचं शरीर काम करायचं थांबलं. आता ते श्वास घेत नाहीत, त्यांना भूक लागत नाही, दुखत नाही. ते परत येणार नाहीत." मेलेलं माणूस परत येत नाही हे बहुतेक मुलांना साधारण पाच ते सात या वयात नीट कळू लागतं. त्याआधी ती तोच प्रश्न वीसदा विचारतात. वीसही वेळा तेच शब्द वापरा. दर वेळी वेगळं उत्तर मिळालं की मुलाला वाटतं, अजून काहीतरी लपवलंय. देवावर श्रद्धा असेल तर ती सांगायला हरकत नाही, पण शरीराची गोष्ट आधी.

विचारलं नाही तरी सांगायची गोष्ट म्हणजे "हे तुझ्यामुळे झालं नाही." मुलांना वाटतं, मी त्या दिवशी ओरडलो म्हणून आजी आजारी पडली. ती हे बोलून दाखवत नाहीत.

वैकुंठ स्मशानभूमीत न्यायचं का? सात-आठ वर्षांपुढच्या मुलाला तिथे काय दिसेल ते आधी सांगा (लोक रडतील, शरीर जाळतात, त्यांना ते जाणवत नाही) आणि यायचंय का विचारा. नाही म्हणालं तर पुन्हा आग्रह नको. आलं तर त्याच्यासोबत असं एक मोठं माणूस द्या, ज्याच्याकडे दुसरं कुठलंच काम नाही आणि जे मधूनच त्याला घेऊन परत येऊ शकेल.

शाळेत पाठवण्याआधी वर्गशिक्षकांना फोन करा. पोटदुखी, अंथरूण ओलं होणं, बोबडं बोलणं हे काही आठवडे चालतं आणि बहुतेकदा आपोआप थांबतं. दोन-तीन महिन्यांनीही शाळा, झोप, खेळ रुळावर नसेल तर समुपदेशकाकडे न्या.

आणि एक वाक्य पुस्तिकेत चौकटीत छापून ते म्हणू नका असं लिहा : "आता तूच घरातला कर्ता." तेराव्याला आलेला प्रत्येक जण हे त्या मुलाच्या पाठीवर थाप मारून म्हणतो. मूल त्याच दिवसापासून रडणं बंद करतं, आईसमोर हट्ट करत नाही, सगळे कौतुक करतात. आपली गरज कुणाला सांगायची नसते, एवढं ते शिकतं आणि चाळिशीतही ते सुटत नाही. त्याऐवजी त्याला वयाला झेपेल असं एक काम द्या. झाडांना पाणी, संध्याकाळचा दिवा. घर चालवायला मोठी माणसं आहेत हे त्याला शब्दांत सांगा.

मुठाकाठ

मोठ्यांच्या प्रकृतीचं राहिलं.

जोडीदार गेल्यावर पहिले काही महिने मागे राहिलेल्याच्याही जिवाला धोका वाढतो, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. कारणं साधी असतात. रक्तदाबाच्या गोळीची आठवण करणारं माणूस गेलेलं असतं, पाणी कमी प्यायलं जातं, झोप नसते. दहा दिवसांच्या गडबडीत कुणीतरी एकाने फक्त गोळ्या आणि इन्सुलिन बघावं. तेराव्यानंतर रक्तदाब, साखर आणि वजन मोजावं, महिन्याने पुन्हा. छातीत दुखलं किंवा दम लागला तर "दुःखामुळे होतंय" म्हणून सोडू नका, ईसीजी काढा. तीव्र धक्क्याने हृदयाचा स्नायू तात्पुरता दुबळा होणारा एक विकार आहे, टाकोत्सुबो म्हणतात, आणि तो पाळी गेलेल्या स्त्रियांत जास्त दिसतो. लक्षणं हार्ट अटॅकसारखीच असल्यामुळे घरी बसून फरक करता येत नाही.

शेजाऱ्याने दिलेली झोपेची गोळी घेऊ नये. डॉक्टरांनी दिलीच तर थोड्या दिवसांसाठी. या वयात रात्री उठताना पडून खुबा मोडणं ही खरी भीती.

दुःखाच्या पाच पायऱ्या (नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार) पुस्तिकेत घेऊ नका. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ कुबलर-रॉस यांनी १९६९ मध्ये त्या मांडल्या त्या मरणासन्न रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना त्या लावल्या की घरचे मोजत बसतात, "अजून राग आला नाही, म्हणजे काहीतरी चुकतंय". त्यापेक्षा शोकाचा अभ्यास करणाऱ्या श्ट्रोबे आणि शूट यांची १९९९ ची मांडणी उपयोगी आहे : माणूस दिवसातून अनेकदा दुःखाकडे जातो आणि परत व्यवहाराकडे येतो. सकाळी फोटोसमोर रडलेली बाई संध्याकाळी मालिका बघून हसली, तर ती विसरली असा अर्थ नाही. ही ये-जा चालू असणं चांगलं. एकाच बाजूला अडकून पडणं वाईट, मग ती बाजू सतत कामात बुडून राहण्याची असली तरी.

ताम्हण

फार उपयोगी. पायऱ्यांचं पान काढून टाकतो. मदत कधी घ्यायची याची काही खूण देता येईल का? आणि कपड्यांचं काय? समितीत दोन गट पडलेत, "तेराव्यालाच वाटून टाका" आणि "वर्षभर कपाट उघडू नका".

मुठाकाठ

खूण : सहा महिन्यांनंतरही जवळजवळ रोज तीव्र ओढ, मृत्यू झालाय हे मान्यच न होणं, जगण्यात अर्थ न वाटणं आणि त्यामुळे रोजचे व्यवहार अडणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात लांबलेल्या शोकासाठी सहा महिन्यांचा निकष आहे, अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या पुस्तिकेत प्रौढांसाठी बारा महिन्यांचा. नुसतं रडू येणं यात बसत नाही, ते दहा वर्षांनीही येऊ शकतं. "मलाही जायचंय" असं कुणी म्हणालं तर महिने मोजू नका, त्याच दिवशी डॉक्टर. टेलिमानस १४४१६ हा शासनाचा मोफत क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. पुण्याच्या ससून रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे.

रानजाई

कपड्यांत दोन्ही गट थोडे बरोबर आहेत. आजारपणाचं सामान लगेच हलवा. भाड्याचा पलंग, ऑक्सिजनचं यंत्र, डायपर, उरलेली औषधं. ती खोली तशीच राहिली तर घरच्यांना शेवटचे पंधरा दिवसच आठवत राहतात, आधीची चाळीस वर्षं मागे पडतात.

कपाटाला मात्र घाई नको. मागे राहिलेल्या माणसाने स्वतः उघडेपर्यंत थांबा, सुनेने परस्पर वाटून टाकू नये. उघडलं की तीन ढीग : द्यायचे, ठेवायचे, आत्ता ठरत नाही. तिसरा ढीग परत कपाटात. एक न धुतलेलं वस्त्र हवाबंद पिशवीत ठेवा. वास धुतला की परत येत नाही, ही चूक घाईघाईने धुणाऱ्या प्रत्येक घरात होते.

साड्या असतील तर गोधडी शिवून घ्या. अंगभर गोधडीला तीन-चार सुती साड्या लागतात. आधी धुऊन खळ काढा, नाहीतर सुई अडते. सिंथेटिक साड्या थरात सरकतात आणि टाके ओढले जातात, जरीचे काठ कापून बाजूला काढा. हाताचा धावदोरा असेल तर गोधडी मऊ राहते, मशीनवर ताठ होते. घरात दोन बहिणी असतील तर दोन शिवा.

पिंपळपार

आनंदीबाई, रमाबाईंच्या उदाहरणाबद्दल. द्या, पण पूर्ण द्या. आपण सांगतो ते असं : चौदाव्या वर्षी आनंदीबाईंचं दहा दिवसांचं बाळ गेलं, म्हणून त्या डॉक्टर झाल्या. दुःखात बसलेल्या बाईला यातून ऐकू येतं की मीही आता काहीतरी मोठं करायला हवं. बाळ जाणं आणि १८८६ ची फिलाडेल्फियाची पदवी यांच्यामध्ये गोपाळरावांनी चालू ठेवलेलं शिक्षण होतं, आणि ओळखदेख नसताना घरात ठेवून घेणाऱ्या न्यू जर्सीच्या कार्पेंटरबाई होत्या. आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला, बावीस पूर्ण होण्याआधी, त्या पुण्यातच गेल्या, हेही त्याच गोष्टीत आहे.

रमाबाई रानड्यांचं तर रानजाईंच्या वहीशी थेट जुळतं. १८७३ मध्ये लग्न झालं आणि त्यानंतर न्यायमूर्तींनी घरातल्या बायकांचा रोष पत्करून त्यांना शिकवलं. जानेवारी १९०१ मध्ये न्यायमूर्ती गेले. त्यानंतर साधारण वर्षभर रमाबाई पुण्याच्या घरात जवळजवळ एकांतात होत्या, हे वर्ष आपण गाळतो. स्त्रियांसाठी काढलेली पुण्याची सेवासदन ही संस्था १९०९ ची. म्हणजे लिहिणं-वाचणं, सभेत बोलणं हे सगळं ते हयात असतानाच हातात आलेलं होतं आणि शोकाला पुरेसा वेळही मिळाला होता. पुस्तिका फक्त मृत्यूनंतरच्या वर्षाची ठेवू नका. दोघंही हयात असताना त्या वहीची पहिली दहा पानं भरायला सांगा.

चिंचबन

परदेशातल्या मुलांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात.

माणूस आहे आणि जवळ नाही, या अवस्थेला तेरावं नसतं, त्यामुळे दुःख करायची परवानगीही नसते. "मुलगा अमेरिकेत, तुम्हाला काय कमी" असं लोक म्हणतात. संघात याबद्दल बोलायला महिन्यातला एक दिवस ठेवा, एवढंही पुष्कळ आहे.

फोनचा वार आणि वेळ ठरलेली असावी. पुण्यात रविवारी सकाळी आठ म्हणजे कॅलिफोर्नियात उन्हाळ्यात शनिवारी संध्याकाळचे साडेसात, हिवाळ्यात साडेसहा. मार्च आणि नोव्हेंबरमध्ये तिकडची घड्याळं बदलतात तेव्हा पहिल्या आठवड्यात चुकामूक होऊन आई-वडील तासभर फोनपाशी बसून राहतात, म्हणून ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. नुसतं "जेवलात का" यावर फोन टिकत नाही, काहीतरी मिळून करा. नातवाला पाढे शिकवणं, एकाच वेळी दोन्हीकडे थालीपीठ लावणं.

अंत्यदर्शनाला पोचता येणार नसेल तर त्या मुलाला आधी विचारा : चेहरा बघायचाय का? हो म्हणाला तर फोन एका माणसाने दोन्ही हातांनी स्थिर धरावा, शेजारी कुणी बोलू नये, शेवटी पाच मिनिटं मुलाला एकट्याला बोलू द्यावं आणि फोन बाबांच्या कानाशी न्यावा. घाईत हलणारं, गर्दीचं चित्र दाखवलं तर तेच त्याच्या मनात राहतं. तो महिन्याभरात येणार असेल तर अस्थींचा काही भाग त्याच्यासाठी राखून आळंदीला तेव्हा जा. ज्याने काहीच हाताने केलेलं नसतं, त्याला वर्षानुवर्षं बाबांचा फोन येईल असं वाटत राहतं.

ताम्हण

फोनवरून आठवलं. गेलेल्या माणसाचा मोबाइल नंबर लगेच बंद करावा का?

रानजाई

नको. गॅस, वीज, बँक, आधार, सगळ्यांचे ओटीपी त्यावर येतात. आधी एकेक ठिकाणी नंबर बदलून घ्या, तोवर रिचार्ज चालू ठेवा. प्रीपेड सिम ९० दिवस अजिबात वापरलं नाही तर बंद होऊ शकतं आणि पुढे तो नंबर दुसऱ्याला मिळतो. नंबर घरातच ठेवायचा असेल तर मृत्यूचा दाखला आणि नात्याचा पुरावा घेऊन कंपनीच्या केंद्रात वारसाच्या नावावर करून घेता येतो.

आणि फोन रीसेट करून नातवाला देण्याआधी त्यातला आवाज बाहेर काढा. फोटो सगळे जपतात, आवाज राहून जातो. व्हॉट्सअ‍ॅपवरचा प्रत्येक आवाजी निरोप दाबून धरला की शेअरचं चिन्ह येतं, तिथून स्वतःच्या ईमेलवर पाठवा आणि एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवा. "येताना कोथिंबीर आण" एवढाच निरोप असला तरी तो ठेवा.